‘गर्दी’ की ‘फुगवटा’?

रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांविषयी लिहिताना आपण सर्रास ‘गर्दी’ हा शब्द योजतो. हा शब्द दारात आलेली माणसे मोजतो, आत अडलेली मोजत नाही. आणि मग उपाय म्हणून ‘उगीच येऊ नका’ एवढाच उपदेश सुचतो. छातीत कळ घेऊन हातकणंगल्याहून कोल्हापूरला वा मिरजेला निघालेल्या माणसास तो महाग पडावयाचा.

कोविडच्या साथीने या शब्दाची परीक्षा घेतली. अमेरिकेत एप्रिल २०२० च्या सुमारास या विभागांत येणारे रुग्ण आदल्या वर्षाच्या मानाने ४२ टक्क्यांनी घटले. पुढे २०२१ मध्ये तेथील खोळंबा मात्र पूर्वीहून वाढला. कारण दाखल करावयाच्या रुग्णास आतल्या कक्षात खाट मिळेना.

ही क्रिया पंचगंगाकाठाला अपरिचित नाही. नृसिंहवाडीस कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरत नाही, मागे पसरते. २०१९ च्या पुरात हे सर्वांनी पाहिले. या मागे साचण्यास ‘फुगवटा’ हा शब्द आहे. परिभाषाकारांनी ‘गर्दी’ दारापुरती ठेवावी व आतल्या अडणुकीस ‘फुगवटा’ म्हणावे. शब्द पाटबंधाऱ्यांकडचा आहे, ही हरकत मला फारशी मोठी वाटत नाही.