'लवकरच' म्हणजे नक्की कधी?

सातोशी नाकामोतोचा बिटकॉइनवरचा 2008चा पेपर जेमतेम 9 पानांचा आहे. रिसर्चची तयारी करताय तर तो जरूर वाचा, पण एक प्रश्न मनात ठेवून: व्यवहार ब्लॉकमध्ये गेलाच नाही तर?

ब्लॉकमध्ये गेल्यानंतरचं गणित पेपरात चोख आहे. हल्लेखोराकडे 10 टक्के संगणनशक्ती असेल, तर 5 ब्लॉकनंतर तो यशस्वी होण्याची शक्यता 0.1 टक्क्याच्या खाली जाते. त्याआधीच्या थांबण्याबद्दल मात्र एवढंच म्हटलंय, की व्यवहार बऱ्याच नोड्सपर्यंत पोचला की लवकरच ब्लॉकमध्ये येईल.

मला पेपर इथे कच्चा वाटतो. त्यात फी आहे, पण मायनरचं बक्षीस म्हणून. रांगेतला नंबर ठरवणारी बोली म्हणून नाही. ब्लॉकच्या आकारावर मर्यादा 2010मध्ये आली, हे खरं. पण तेव्हापासून जागा कमी पडली की कमी फीचे व्यवहार मेमपूलमध्ये अडकतात. बिटकॉइन कोअरमध्ये बदल केला नसेल तर नोड त्यांना 14 दिवसांनी काढून टाकतो. मेमपूल भरला तर आधीच.

मग पैसे परत येतात का? ते गेलेलेच नसतात. पण व्यवहार रद्दही होत नाही, कारण तोच व्यवहार कुणीही पुन्हा नेटवर्कवर पाठवू शकतो. तीच नाणी जास्त फी देऊन दुसऱ्या व्यवहारात खर्च केली आणि तो ब्लॉकमध्ये गेला, तरच पहिला कायमचा बाद.

पेपर वाचताना समीकरणापाशी आपण थांबतोच. 'लवकरच'सारख्या शब्दापाशीही थांबा. पुढच्या कितीतरी रिसर्चचे प्रश्न तिथूनच निघालेत.