‘चांगला शोमरोनी’ : एका मथळ्याची चिकित्सा

लूककृत शुभवर्तमानातील (१०:२५-३७) सुप्रसिद्ध दाखला आपण सर्वजण ‘चांगला शोमरोनी’ या नावाने ओळखतो. परंतु मूळ संहितेत हे नाव नाही. येशूने त्या प्रवाशास कोठेही ‘चांगला’ हे विशेषण लावलेले नाही. तो केवळ ‘एक शोमरोनी’ आहे. मथळा मागाहून आला, आणि आमच्या मते तो दाखल्याच्याच विरुद्ध बोलतो.

हे उमगण्यासाठी दूर जावयास नको. बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मराठी, कन्नड व दख्खनी उर्दू एकाच बाजारात नांदतात. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, तर भालकी, औराद म्हैसूर राज्यात. सीमा बदलली, पण बोलण्याची एक लकब दोन्हीकडे टिकून राहिली : “आहे त्यांच्यातला, पण माणूस चांगला.” बोलणाऱ्यास वाटते, आपण स्तुती केली. वस्तुतः त्या ‘पण’ने एकास उचलून त्याच्या सर्व समाजास खाली लोटले. आपल्या मथळ्यात हाच ‘पण’ दडलेला आहे : शोमरोनी, पण चांगला.

उघड शिवी ओळखू येते. ‘शोमरोनी’ हा शब्द खुद्द येशूवर शिवी म्हणून फेकला गेला (योहान ८:४८). अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस चारचौघांत जातिवाचक शिवी देणे आपल्या देशात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरले आहे. कायदा शिवीपर्यंत पोहोचतो. स्तुतीत लपलेल्या ‘पण’पर्यंत तो पोहोचत नाही. तेथून पुढचे काम व्यासपीठाचे आहे.

याच भूमीत, बाराव्या शतकातील कल्याणात, चर्मकार हरळय्यांनी बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हटले, तेव्हा बसवेश्वरांनी ‘शरणु शरणार्थी’ असे दुणावून उत्तर दिले, अशी परंपरा आहे. त्या अभिवादनात ‘पण’ नव्हता. आणि आपण मात्र निरर्थक विचारपुशीस आजही बेधडक ‘चांभारचौकशी’ म्हणतो.

आम्ही स्वतः या दोषातून मुक्त नाही. एका वृद्ध भगिनीच्या अंत्यविधीत आम्ही तिला ‘मागास वस्तीतील असूनही भाविक’ म्हटले. कबरस्तानातून परतताना तिचा मुलगा हलकेच म्हणाला, “फादर, ‘असूनही’ कशापायी म्हणालात?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

दाखल्याच्या शेवटी शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारतच नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणतो. तिरस्कारामुळे त्याची जीभ अडली, असे भाष्यकार सांगतात. तसे असेलही. तरीही त्याच्या उत्तरात माणूस जातीने नव्हे, कृतीने ओळखला जातो. आपल्या मथळ्यापेक्षा ते उत्तर सत्याच्या अधिक जवळ आहे.

म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींस आमची सूचना अशी : हा दाखला ‘दया करणारा शेजारी’ या नावाने शिकवावा, आणि पुढील रविवारचे प्रवचन लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक ‘पण’ व ‘असूनही’ एकदा तपासावा.