'म्युझिक बाय जॉनी विल्यम्स' : श्रेयनामावलीवर किती विश्वास ठेवायचा?

जॉन विल्यम्स म्हटलं की तुमच्या डोक्यात काय वाजतं ते मला माहीत आहे. 'जॉज'चे ते दोन सूर, नाहीतर 'स्टार वॉर्स'ची सुरुवात. आता जरा मागे जा. साल १९६४, अमेरिकेतली सीबीएस वाहिनी. निर्जन बेटावर अडकलेली सात माणसं, त्यातला एक धांदरट खलाशी, दर दोन वाक्यांनंतर डब्यातला हशा. मालिकेचं नाव 'गिलिगन्स आयलंड'. आणि श्रेयनामावलीत एक नाव : जॉनी विल्यम्स.

हो, तेच विल्यम्स. ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. लगेच प्रकरणाच्या मसुद्यात एक ऐटदार परिच्छेद लिहिला. एका भागातला वुडविंडचा तुकडा उचलला, त्यात 'स्टार वॉर्स'ची बीजं दाखवली आणि मसुदा गाईडकडे पाठवला. परिच्छेदाच्या कडेला एकच शब्द लिहून परत आला : "कशावरून?"

तुम्ही पेट काढून सिनॉप्सिसच्या तयारीत असाल, तर हा शब्द तुम्हालाही भेटणार आहे. मला वाटलं, बीजाबद्दल विचारलंय. तसं नव्हतं. प्रश्न इतका साधा होता की लाज वाटावी : तो तुकडा विल्यम्स यांनीच लिहिलाय, हे कशावरून?

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. जन्म १९३२. वडीलही जॉनी विल्यम्स, जॅझमधले ड्रमवादक. (कॅटलॉगमध्ये शोध घेताना हे लक्षात ठेवा. एका नामांकित गिटारवादकाचं नावही जॉन विल्यम्सच आहे. नावाच्या या गोंधळात माझे दोन दिवस गेले.) न्यूयॉर्कला जुलियार्डमध्ये पियानो शिकून हे लॉस एंजेलिसला स्टुडिओत वादक म्हणून लागले. हेन्री मॅन्सिनींच्या 'पीटर गन'च्या संगीतात पियानो यांचा आहे. मग रेव्ह्यू स्टुडिओच्या संगीत विभागाचे प्रमुख स्टॅन्ली विल्सन यांनी त्यांना लिहायला बसवलं. 'एम स्क्वॉड', 'वॅगन ट्रेन', 'चेकमेट' : पोलीस, काउबॉय, गुप्तहेर, जे येईल ते.

त्यातच सिटकॉम येतात. 'बॅचलर फादर' नावाची मालिका १९५७ ते १९६२ चालली आणि तेवढ्यात तिन्ही मोठ्या वाहिन्या फिरली. अनाथ पुतणीला सांभाळणारा अविवाहित वकील ही तिची गोष्ट आज फार कुणाला आठवत नाही. 'द टॅमी ग्राइम्स शो'चं नशीब त्याहून वाईट. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये एबीसीवर सुरू झाला आणि चार भागांत गुंडाळला. त्याचं शीर्षकसंगीत विल्यम्स यांच्या नावावर आहे. चार आठवडे वाजलेलं शीर्षकसंगीत! 'गिलिगन' त्या मानाने अजिबात विसरली गेलेली नाही, पुनःप्रक्षेपणात पिढ्यान्पिढ्या पाहिली गेली. विसरलं गेलं ते तिच्यातलं पार्श्वसंगीत. शीर्षकगीत सगळ्यांना पाठ, मधलं संगीत कुणाच्या खिजगणतीत नाही.

आता हे संगीत कसं आहे? खरं सांगायचं तर चांगल्या कारागिराचं आहे. पण 'चांगलं' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं, आणि आपण टीका लिहिताना नेमकी इथेच घाई करतो.

सिटकॉमचा भाग जाहिराती वगळून पंचवीसेक मिनिटांचा. त्यात बोलणं अखंड. बोलणं थांबलं की हशा येतो, आणि 'गिलिगन'सारख्या मालिकेत तो हशाही नंतर ध्वनिपट्टीवर चढवलेला असतो. मग संगीताला जागा कुठे उरते? एक प्रसंग संपून दुसरा सुरू होताना. जाहिरातीआधी. कुणी चोरपावलांनी चाललंय तेव्हा. कुणी धाडकन पडलं तेव्हा. एकेक तुकडा काही सेकंदांचा. त्या सेकंदांत सांगायचं असतं की 'आता रात्र झाली', 'घाबरू नका, हे गमतीचं आहे', 'ही कल्पना फसणार आहे'. विनोदाच्या आधी वाजलात तर विनोद फुटतो, नंतर रेंगाळलात तर हशाखाली चिरडले जाता. तमाशात सवाल टाकला की ढोलकीवाला थाप कधी मारतो ते आठवा. अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली की टाळी गेली. फरक एवढाच की ढोलकीवाल्यासमोर प्रेक्षक बसलेला असतो. इथे प्रेक्षक नाही, हशा अजून मिसळायचाय, आणि संगीतकाराने तो कुठे येईल याचा अंदाज बांधून जागा सोडायची आहे.

या कामात सुरावट फुलवायला वेळ नाही. म्हणून 'यात मोठी धून कुठेय?' हा प्रश्नच चुकीचा. मी तो विचारला होता, आणि धून सापडली नाही म्हणून वुडविंडच्या तुकड्यावर समाधान मानलं होतं.

मोठी धून लिहायची एक संधी मात्र त्यांना मिळाली, आणि ती गेली. हा किस्सा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'गिलिगन'चा नमुना भाग, म्हणजे पायलट, १९६३ च्या नोव्हेंबरात हवाईत चित्रित झाला. त्याला वेगळं शीर्षकगीत होतं : शब्द निर्माते शेरवुड श्वार्त्झ यांचे, संगीत विल्यम्स यांच्या नावावर, ढंग कॅलिप्सो. हॅरी बेलाफाँटे यांच्या १९५६ च्या तबकडीनंतर कॅलिप्सोची अमेरिकेत मोठी हवा झाली होती. गायले खुद्द श्वार्त्झ, त्रिनिदादच्या सर लॅन्सलॉट या गायकाची नक्कल करत. पुढे मालिका मंजूर झाली, तीन पात्रं बदलली, गाणंही बदललं. आज सगळ्यांना माहीत असलेलं गाणं श्वार्त्झ आणि जॉर्ज वाइल यांचं आहे. मूळ पायलट थेट १९९२ मध्ये प्रसारित झाला.

दोन्ही गाणी पाठोपाठ ऐका. काम एकच आहे : ही माणसं बेटावर कशी आली हे दर आठवड्याला नव्या प्रेक्षकाला सांगायचं. वाइल यांची चाल खलाशांच्या गाण्यासारखी आहे, एका ऐकण्यात पाठ होते, आणि शब्द तिच्यावर आपोआप बसतात. कॅलिप्सोच्या गाण्यात माहिती इतकी कोंबलेली आहे की चाल नुसती हमाली करते. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. जगातल्या सर्वांत लक्षात राहणाऱ्या धुना लिहिणाऱ्या माणसाची धून इथे दुसऱ्याच्या धुनेपुढे पडली. हे लिहायला आपण कचरतो. मोठ्या कलावंताचं सुरुवातीचं काम हाती आलं की त्यात फक्त मोठेपणाच शोधायचा, अशी सवय लागलेली असते.

आता 'कशावरून?' कडे येतो.

त्या काळी दर भागासाठी सगळं संगीत नव्याने ध्वनिमुद्रित होत नसे. हंगामातल्या काही भागांना नवं संगीत लिहिलं जाई, ते तुकडे साठवले जात, आणि बाकीच्या भागांत संगीत संपादक त्यातून निवडून लावत. याला ट्रॅकिंग म्हणतात. म्हणजे एखाद्या भागात जे वाजतं ते त्या भागासाठी लिहिलेलं असेलच असं नाही, आणि एकाच माणसाने लिहिलेलं तर नाहीच नाही. 'गिलिगन'साठी जेराल्ड फ्रीड यांनीही संगीत दिलंय. मी उचललेला तुकडा विल्यम्स यांचा की फ्रीड यांचा? कानावरून सांगता येईल असं मला वाटत होतं. ते का येत नाही, त्याचं उत्तम उदाहरण सिटकॉमच्या बाहेर आहे. 'लॉस्ट इन स्पेस' (१९६५) या अंतराळ मालिकेचं शीर्षकसंगीत आणि सुरुवातीच्या काही भागांचं संगीत विल्यम्स यांचं. पण त्याच मालिकेत बर्नार्ड हरमन यांच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' या १९५१ च्या सिनेमातले तुकडेही वापरलेत, कारण दोन्ही ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या घरातले. हे माहीत नसलेला, पण चांगले कान असलेला अभ्यासक तिथे बसून 'विल्यम्स यांच्यावरचा हरमन यांचा प्रभाव' असा अख्खा निबंध लिहील. आणि तो वाचायलाही छान लागेल!

याला उतारा म्हणजे क्यू शीट. क्यू म्हणजे संगीताचा एक सलग तुकडा. भागात वाजलेला प्रत्येक क्यू, त्याची लांबी, संगीतकार, तो पार्श्वभूमीला होता की पडद्यावर कुणी वाजवत होतं, हे सगळं या कागदावर नोंदवलेलं असतं. तो रसिकांसाठी नाही, आस्कॅप किंवा बीएमआयसारख्या संस्थांनी रॉयल्टी वाटावी म्हणून बनतो. म्हणूनच तो पाटीपेक्षा भरवशाचा : पाटी मानासाठी असते, क्यू शीट पैशासाठी. तुमचा विषय दूरदर्शनच्या मालिका असोत की रेडिओवरची नभोनाट्यं, 'पैसे कुणाला गेले?' हा कागद आधी शोधा.

हे ट्रॅकिंग नीट समजलं आणि माझा बीजाचा सिद्धांत उलटाच झाला. जो तुकडा पुढे कुठल्याही भागात लावता यायला हवा, तो एका पात्राला, एका क्षणाला चिकटून चालत नाही. तो 'चोरपावलं' या प्रकारासाठी लिहायचा, अमक्याच्या चोरपावलांसाठी नाही. 'स्टार वॉर्स'मध्ये विल्यम्स यांनी केलं ते याच्या बरोब्बर विरुद्ध : धून पात्राला बांधायची आणि कथेबरोबर तिला बदलत न्यायचं. म्हणजे सिटकॉम हे त्याचं बीज नव्हतं. जे करायची तिथे सोयच नव्हती, ते त्यांनी पुढे केलं.

तरी मोह सुटत नाही, कबूल करतो. 'स्टार वॉर्स'मधल्या त्या बुटक्या जावांची मिश्कील वुडविंड ऐकली, किंवा 'होम अलोन'मध्ये चोर घसरतात तेव्हाचं संगीत ऐकलं, की मला ते बेट आठवतं. धून नाही आठवत. आठवते ती वेळ साधायची रीत : कधी वाजायचं आणि कधी गप्प बसायचं. हे मला सिद्ध करता आलेलं नाही. प्रबंधात ते 'शक्यता' म्हणून एका वाक्यात आहे, तेही तळटीपेत.

वुडविंडचा तो परिच्छेद मी काढून टाकला. त्या जागी आता कॅलिप्सो गाण्याचं विश्लेषण आहे. निदान तिथे 'कशावरून?' म्हटलं तर उत्तर देता येतं.