टाकाऊ काच आणि प्रारणाचे ‘कवच’: परिभाषेचे एक परीक्षण

टाकाऊ काचेचा चुरा मिसळून केलेली संमिश्रे प्रारण-परिरक्षणासाठी वापरावीत, असे प्रतिपादन करणारे संशोधन अलीकडे विपुल होत आहे. त्याचा हेतू स्तुत्यच होय. तथापि ते मराठीत मांडताना योजिल्या जाणाऱ्या तीन शब्दांचे परीक्षण करणे अगत्याचे वाटते. हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. भिंतीची जाडी आणि तिच्या पलीकडील माणसाचे आरोग्य त्यात गुंतलेले आहे.

पहिला शब्द ‘किरणोत्सर्ग’. मराठी विश्वकोशाने ही संज्ञा अणुकेंद्राच्या आपोआप होणाऱ्या विघटनासाठी योजिली असून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेस ‘प्रारण’ म्हटले आहे. क्ष-किरण नलिकेतून प्रारण निघते, किरणोत्सर्ग नव्हे. हा भेद पुसला, की क्ष-किरण, गॅमा किरण व न्यूट्रॉन ही एकाच शब्दाखाली कोंबली जातात. वस्तुतः त्यांना अडविण्याच्या रीती भिन्न आहेत. न्यूट्रॉनांसाठी बोरॉनयुक्त काच उपयोगी पडेल. क्ष-किरणांसाठी शिसे हवे.

दुसरा शब्द ‘काच’. बाटल्यांची व खिडक्यांची काच सोडा, चुना व सिलिका यांची असते. जुन्या दूरचित्रवाणी-संचांतील चित्रनलिकेच्या नरसाळ्याच्या काचेत मात्र वजनाने सुमारे २० ते २५ टक्के शिशाचे ऑक्साइड असते. क्ष-किरण अडविण्यासाठीच ते घातलेले होते. सीझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांबाबत कॉम्प्टन प्रकीर्णन प्रधान असल्यामुळे हलक्या मूलद्रव्यांच्या पदार्थांत घनताच मुख्यतः निर्णायक ठरते. वाळूची घनता सुमारे २.६५, तर साध्या काचेची सुमारे २.५ ग्रॅम प्रतिघन सेंटिमीटर आहे. तेव्हा काँक्रीटमधील वाळूच्या जागी तितक्याच आकारमानाची बाटल्यांची काच घातल्यास या किरणांचे परिरक्षण वाढण्याऐवजी किंचित घटेल. ‘टाकाऊ काचेने परिरक्षण सुधारते’ हे विधान म्हणूनच, काचेची जात सांगितल्यावाचून, अर्थशून्य ठरते.

तिसरा शब्द ‘कवच’. कर्णाच्या कवचाची स्मृती वागविणाऱ्या या शब्दात अभेद्यतेचा ध्वनी आहे. गॅमा किरणांचे क्षीणन मात्र घातांकी असते: एका अर्धमूल्य जाडीने तीव्रता निम्मी होते, तर दहा जाड्यांनंतरही सुमारे सहस्रांश उरतेच. शिवाय अरुंद शलाकेवर काढलेला गुणांक प्रत्यक्ष भिंतीस जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे विखुरलेल्या प्रारणाची भर पडते. ‘परिरक्षण’ हा शब्द रूक्ष खरा, पण तो खोटे अभय देत नाही.

सारांश, अशा प्रत्येक लेखात काचेचे रासायनिक संघटन, प्रारणाचा प्रकार व ऊर्जा आणि अर्धमूल्य जाडी यांचा निर्देश असावा. शिसेयुक्त काच वापरल्यास पाण्याबरोबर शिसे झिरपते किंवा कसे, हेही सांगितले पाहिजे. अन्यथा एका कचऱ्याची विल्हेवाट लावताना आपण दुसरे विष भिंतीत चिणून ठेवू, आणि सैल परिभाषा त्यावर गिलावा चढवील.