हेराची गोष्ट आणि मावळची वाट

मुलांच्या हातीं कोणती साहसकथा द्यावी, हा प्रश्न पालकांस नेहमीं पडतो. अशा कथांचे दोन ठळक नमुने इंग्रजींत आहेत. हॅगर्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’नें (१८८५) आफ्रिकेच्या अंतर्भागांतील पुरातन राज्य वाचकांपुढें उभें केलें, किपलिंगच्या ‘किम’नें (१९०१) पोरवयाचा हेर दिला. कुतूहल वाढवीत नेण्याची हॅगर्डची हातोटी आम्हांस मान्य आहे. परंतु त्या राज्यांतील भव्य मार्गाचें व शिल्पांचें श्रेय तो तेथील रहिवाशांस देत नाहीं. ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांविषयींहि असाच समज युरोपांत रूढ होता. १९२९ मध्यें गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनीं उत्खनन करून तीं बांधकामें आफ्रिकी लोकांचींच असल्याचें दाखविलें. जेथें देश केवळ देखावा ठरतो, तेथें साहसहि पोकळ होतें.

मराठी लेखकास हा दोष टाळावयाचा असेल तर त्यानें मावळाकडे पाहावें. फेब्रुवारी १६६१ मध्यें शाहिस्तेखानानें धाडलेला कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटानें कोंकणांत उतरूं लागला, आणि खालच्या उंबरखिंडींत शिवाजी महाराजांनीं त्यास कोंडलें. खंडणी देऊनच त्याची सुटका झाली. परमानंदाच्या ‘शिवभारतां’त हा प्रसंग वर्णिला आहे. शत्रु कोणत्या वाटेनें येणार हें आधीं कळल्यावांचून असा सापळा रचतां येत नाहीं. ती बातमी आणणारा एखादा गुराखी पोर कल्पिण्यास कादंबरीकार मोकळा आहे.

पण आमचे कथालेखक बहुधा बहिर्जी नाइकाच्या वेषांतरांतच रमतात. सभासदाची बखर त्याची थोरवी निराळ्या ठिकाणीं दाखविते. १६७९ मध्यें जालन्याहून परततांना मोगलांनीं मार्ग अडविला, तेव्हां बहिर्जीनें तीन अहोरात्र आडवाटेनें नेऊन सैन्य पट्टागडास सुखरूप पोंचविलें. खोट्या दाढीमिशांच्या करामती कितीहि रंगविल्या, तरी त्यांस या वाटेच्या ज्ञानाची सर येत नाहीं.

म्हणून मावळांतील बाळहेराची कथा लिहूं पाहणाऱ्यानें आधीं कुरवंड्याचा घाट पायीं उतरावा, एवढेंच आमचें सांगणें आहे. नायकाचें शौर्य त्यास तेथेंच सांपडेल.