‘दुसरी पृथ्वी’ आणि पायाखालचा पाषाण

आपल्या विज्ञानलेखनात ‘दुसरी पृथ्वी’ फार स्वस्त झाली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे नासाने जाहीर केले, तेव्हापासून मी वाचलेल्या बहुतेक लेखांत शेकोटीचा दृष्टान्त येतो: जवळ बसले तर चटका, लांब बसले तर गारठा, मधल्या पट्ट्यात जीवसृष्टी. दृष्टान्त सोपा आहे. पण त्यातल्या ग्रहाला पोटच नाही.

शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. त्याच्या हवेचा दाब आपल्या नव्वद पटींहून अधिक, तापमान ४६० अंशांच्या आसपास, आणि हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड. तो सूर्याच्या अधिक जवळ आहे हे खरेच. पण साधारण तेवढाच कार्बन पृथ्वीपाशीही आहे. फरक एवढाच, की आपला बहुतांश खडकांत कोंडलेला आहे. तो कोंडला कुणी, हा प्रश्न शेकोटीजवळ बसून सुटत नाही.

त्याचे उत्तर आमच्या नातेपुत्याच्या शिवारात आहे. विहीर खणताना आधी काळी लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेला लाव्हा. दख्खनचे हे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत. लाव्ह्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायूही आले. आपले लेखक इथे डायनोसॉर मारतात आणि थांबतात. तेही फार खात्रीने: ‘सायन्स’च्या फेब्रुवारी २०१९ च्या एकाच अंकात दोन गटांनी याच थरांची वये मोजली. एकाच्या मते लाव्ह्याचा मोठा लोट उल्कापाताच्या थोडा आधीचा, तर दुसऱ्याच्या मते तीन-चतुर्थांश लाव्हा नंतरचा.

वगळले जाते ते पुढचे प्रकरण. हवेतला तोच वायू पावसात विरघळून बेसॉल्टला झिजवतो, त्यातले कॅल्शियम सोडवतो. ते नद्यांवाटे समुद्रात जाऊन चुनखडक होते. सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अंदाजानुसार, सिलिकेट खडकांच्या झिजेत खर्च होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के बेसॉल्टच्या वाट्याचा, आणि बेसॉल्ट तर जमिनीच्या पाच टक्केही नाही! हवा तापली, पाऊस वाढला, की झीज वाढते. गारठा आला की मंदावते, आणि ज्वालामुखी वायूची भर घालत राहतात. म्हणजे कथेतला खलनायकच हवेचा हिशेब राखणारा. मंगळाचे पोट लवकर थंडावले; त्याच्या हवेचा दाब आज आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

२०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या मापनांत ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहावर दाट हवेची खूण सापडली नाही. त्यावर मी वाचलेल्या मराठी लेखांत पुन्हा अंतरच मोजले होते. पोटातून वायू किती येतो, ताऱ्याच्या माऱ्यात किती उडतो, खडकात किती परत जातो, हे विचारलेच नव्हते.