चाकांवरील बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण फार सहजपणे वापरतो. तीत थोडी कीव असते, थोडी थट्टा असते; परंतु ज्याचे बिऱ्हाड पाठीवर आहे त्याने आपली पाठ कोठे टेकावयाची, हा प्रश्न म्हण विचारीत नाही. जेसिका ब्रूडर या अमेरिकन लेखिकेच्या ‘नोमॅडलँड’ (2017) या पुस्तकात तो विचारलेला आहे. या पुस्तकावरून क्लोई झाओ यांनी तयार केलेल्या चित्रपटास 2021 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही त्याची चर्चा झाली. माझ्या कानी आलेल्या चर्चेचा सूर बहुधा एकच होता : घर सोडावे, मोटारीत राहावे, मनास येईल तिकडे जावे, काय हे स्वातंत्र्य! परळी वैजनाथ येथे बसून पुस्तक वाचणाऱ्यास मात्र या सुरात सूर मिळविणे कठीण जाते. ते का, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पुस्तकाचा विषय थोडक्यात असा. 2008 सालच्या आर्थिक अरिष्टानंतर ज्यांची पुंजी आटली, नोकऱ्या गेल्या, घरभाडे परवडेनासे झाले, असे अनेक वयस्क अमेरिकन स्त्रीपुरुष व्हॅनमध्ये किंवा मोटारीमागे जोडलेल्या लहानशा फिरत्या खोलीत राहू लागले आणि हंगामी कामे शोधीत देशभर हिंडू लागले. उन्हाळ्यात अरण्यातील सहलीच्या तळांची राखण व साफसफाई, नाताळापूर्वी ॲमेझॉनच्या वखारींतील मालाची हलवाहलव, आणि शरद ऋतूत नॉर्थ डाकोटा व मिनेसोटा या प्रांतांच्या सीमेवर साखर-बीटाची सुगी, असा त्यांचा वर्षक्रम. लिंडा मे ही साठी उलटलेली आजीबाई या पुस्तकाची नायिका म्हणावी लागेल. जुन्या टायरांत माती ठासून भिंती उभ्या करावयाच्या आणि कोणाचे देणे नसलेले स्वतःचे घर बांधावयाचे, एवढेच तिचे स्वप्न आहे.

लेखिकेचा पहिला गुण म्हणजे तिने दुरून डोंगर साजरे मानले नाहीत. तिने स्वतः एक व्हॅन घेतली, तीत मुक्काम केला, बीटाच्या सुगीत आणि वखारीत अंगमेहनत केली. त्यामुळे तिच्या वर्णनांत उसना कळवळा नाही. ही माणसे परस्परांस किती आनंदाने भेटतात हे ती सांगते, आणि वखारीच्या भिंतीवर वेदनाशामक गोळ्यांची यंत्रे लावलेली असतात हेही सांगते. या लोकांस ‘बेघर’ म्हणवून घेणे आवडत नाही. आम्हांस इमारत नाही इतकेच, असे ते म्हणतात. इंग्रजीस हा भेद करण्यासाठी दोन शब्दांची कसरत करावी लागते. आपल्याकडे ‘बिऱ्हाड’ हा शब्द तयार आहे. कारण इमारतीवाचून संसार ही गोष्ट आपल्या भाषेस पूर्वीपासून ठाऊक आहे.

साखरेच्या सुगीपाशी येताच आमच्या भागातील वाचक थबकतो. दसरा-दिवाळी आटोपली की परळी, धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतून उसाच्या तोडणीसाठी बिऱ्हाडे निघतात. पूर्वी बैलगाड्या मजल-दरमजल करीत जात. आता बहुधा ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बैल, गाडी, धान्याची पोती, भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरे ही सारी एकत्र लादली जातात व पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे ती वरात चालू लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. गाडी सेंटरचे लोक कारखान्याजवळच्या अड्ड्यावर कोपी घालून हंगाम काढतात. डोकी सेंटरचे लोक मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात आणि ऊस सरेल तसतसे एका फडावरून दुसऱ्या फडावर हलतात. कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे परतीची वाट.

तिकडे बीट आणि इकडे ऊस; साखर एकच. पण या दोन भूभागांतील प्रवासाची रीत ताडून पाहिली तर अंतर दिसू लागते. अमेरिकेत म्हातारी माणसे हिंडतात. त्यांची मुले, असली तर, कोठेतरी स्थिर असतात. आमच्याकडे तरुण हिंडतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांस घेऊन कुलूप लागलेल्या गल्लीत मागे राहतात. त्यांना व्हॅन आहे पण परतावयास घर नाही. आमच्या माणसास घर आहे, पण सहा महिने ते उघडता येत नाही. लिंडा मे कामाचा पैसा काम झाल्यावर घेते, आणि कंटाळली तर गाडी फिरवू शकते. आमच्या कोयत्याने मुकादमाकडून पैसा आधीच घेतलेला असतो. त्यास ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत गाडीचे तोंड कोणीकडे असावे हे ठरविणारा दुसरा असतो. तेथे भिंतीवर वेदनाशामक गोळ्या आहेत. येथे 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82 हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. एक खाडा पडला तरी मजुरी कापली जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याचा काही अर्थ लागतो.

हे सारे मला माहीत होते, असा माझा समज होता. एका पावसाळ्यात मी हा चित्रपट माझ्या वर्गास दाखविला आणि नंतर एकांत, निसर्ग, आत्मशोध इत्यादी विषयांवर बरेच बोललो. व्याख्यान संपल्यावर मागल्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, त्यांच्या गाडीला आतून कडी आहे.” मला बोध झाला नाही. ती म्हणाली, “कोपीला दार नसतं, सर. आई-वडील रात्री दोनला फडात गेले की मी धाकटीला जवळ घेऊन उजाडेपर्यंत जागी बसायची.” दिवाळीनंतर ती वर्गात दिसत नसे, म्हणून हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी ‘अनियमित’ असा शेरा लिहून ठेवला होता. शेक्सपिअर शिकविण्यात उभी हयात गेलेल्या मनुष्यास चित्रपटातील कडी दिसली नाही, ती तिला दिसली. टीकाकारास याहून मोठी शिक्षा कोणती?

त्या कडीपाशी उभे राहून पाहिले म्हणजे या कृतींचे दोषही दिसतात. चित्रपटाने मावळतीचे आकाश आणि निर्जन माळ इतके मोहक रंगविले आहेत की वखारीतील कष्ट हा प्रवासातला एक मुक्काम वाटतो. पुस्तक याहून प्रामाणिक आहे. परंतु तेही एका ठिकाणी घाई करते. व्हॅनमध्ये राहणारे बहुतेक सारे गोरेच का, हा प्रश्न लेखिका उपस्थित करते. काळ्या मनुष्याने रात्री मोटारीत झोपणे किती धोक्याचे, हेही सुचविते. आणि थोडक्यात तो विषय आटोपते. वास्तविक सर्व पुस्तकाची किल्ली तेथे आहे. कोणाचे हिंडणे साहस ठरावे आणि कोणाचे संशयास्पद, हे गाडीवरून ठरत नाही. आपल्याकडे 1871 च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि 1952 पर्यंत तो शिक्का अधिकृतपणे पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) ही आत्मकथने त्या शिक्क्याखालून लिहिली गेली. ब्रूडर व्हॅनमध्ये शिरल्या आणि पुस्तक लिहून घरी परतल्या; या दोघांना परतावयास दुसरे घर नव्हते. सहानुभूती आणि अनुभव यांत जो भेद आहे तो येथे स्पष्ट होतो, आणि या बाबतीत मराठी वाङ्मयास लाजण्याचे कारण नाही.

लाजण्याचे कारण असलेच तर ते आम्हां वाचकांस आहे. परदेशच्या व्हॅनमधील एकांताने आमचे डोळे पाणावतात, आणि दिवाळीनंतर आमच्याच स्टेशनरोडवरून जाणारी ट्रॉली रहदारीस अडथळा करते म्हणून आम्ही कपाळास आठ्या घालतो. ‘नोमॅडलँड’ अवश्य वाचावे; ते चांगले पुस्तक आहे. मात्र वाचून झाल्यावर ट्रॉलीवर बांधलेल्या पोत्यांमधून डोकावणारे एखादे पोर दिसले, तर त्याची शाळा पुढील सहा महिने कोठे असेल, एवढा विचार करावा.

हजेरीपटावरील तो शेरा मी खोडला आहे. तिच्या गैरहजेरीचे खरे कारण लिहावयास त्या पटावर रकाना नाही.